सोनोग्राफी करायची का, किती वेळा आणि कशासाठी?

गरोदरपणातल्या सोनोग्राफीबद्दल आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रांमध्ये दोन टोकं दिसतात. काहींना एकही सोनोग्राफी नको आहे, तर काहींना दर महिन्याला हवी आहे. आमचं मत असं की हा निर्णय एकदाच, सरसकट घेण्याचा नाही. प्रत्येक सोनोग्राफीआधी विचारावं: हिच्यातून नेमकं काय कळणार आहे, आणि ते कळल्यावर आपण काय वेगळं करणार आहोत?

प्रश्न: मला दुसरा महिना आहे. सोनोग्राफीच्या किरणांनी बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो असं ऐकल्यापासून एकदाही करू नये असं वाटतं. ही भीती खरी आहे का?

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. पोटावरून तपासताना साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी वापरतात. माणसाच्या कानाला २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, त्यामुळे हा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही. एक्स-रेमध्ये पेशीतल्या रेणूंचे बंध तुटू शकतात, तसं इथे होत नाही. त्यामुळे क्ष-किरणांची भीती सोनोग्राफीला लावू नका.

म्हणून लहरींचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असंही नाही. दोन परिणाम होऊ शकतात: ऊती किंचित तापणं आणि लहरींचा यांत्रिक दाब पडणं. म्हणून यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन आकडे सतत दिसतात. टीआय हा तापण्याचा निर्देशांक. तो १ असेल तर प्रतिकूलात प्रतिकूल परिस्थितीत ऊतीचं तापमान साधारण १ अंश सेल्सिअसने वाढू शकतं. एमआय यांत्रिक परिणामाचा. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात टीआय बराच कमी असतो. तो वाढतो पल्स्ड डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह मोजण्याची आणि ठोके ऐकवण्याची पद्धत), कारण तिथे लहरींचा झोत एकाच जागी रोखून धरलेला असतो. म्हणून पहिल्या १० आठवड्यांत पल्स्ड डॉपलर सरसकट वापरू नये असा नियम आहे. या काळात ठोके मोजायचे तर 'एम-मोड' वापरतात. त्यात ठोक्यांची रेघ पडद्यावर उमटते आणि ऊर्जा कमी लागते. 'ठोके ऐकवता का?' असा आग्रह सातव्या-आठव्या आठवड्यात धरू नका. ठोके दिसले की पुरे.

आता पुरावा. ग्लासगोमध्ये इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली या तंत्राबद्दलचा शोधनिबंध छापला, तेव्हापासून गर्भावर ही तपासणी होते आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे एका गटाची वारंवार, डॉपलरसह सोनोग्राफी केली होती. १९९३ साली छापलेल्या निष्कर्षांत त्या गटात कमी वाढीची बाळं थोडी जास्त दिसली. त्याच मुलांना आठ वर्षांची होईपर्यंत तपासत राहिल्यावर वाढीत, बोलण्यात किंवा वागण्यात फरक उरला नव्हता. नॉर्वेतल्या अभ्यासांत मुलग्यांमध्ये डावखुरेपण किंचित जास्त आढळलं, पण ते नातं क्षीण आहे. जुन्या अभ्यासांतली यंत्रं आजच्यापेक्षा कमी ताकदीची होती हेही सांगायला हवं. १९९२ साली अमेरिकेत गर्भतपासणीसाठीची मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला ९४ मिलीवॉटवरून ७२० वर नेली गेली, आणि त्याबरोबरच टीआय-एमआय पडद्यावर दाखवण्याची पद्धत आली.

आजपर्यंत गरजेपुरत्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरीही ऊर्जा आणि वेळ शक्य तितका कमी ठेवावा, हे जगभरचे तज्ज्ञ मान्य करतात. भीतीपोटी उपयोगी तपासणी सोडू नका आणि हौसेपोटी बिनकामाची करू नका.

प्रश्न: पण मग किती करायच्या? एकच करायची ठरवली तर कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीत २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी सर्व गरोदर स्त्रियांसाठी सांगितली आहे. एकच करायची असेल तर १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान करा. तेव्हा बाळाचे अवयव दिसण्याइतके मोठे झालेले असतात, वार (प्लासेंटा) कुठे आहे ते कळतं, जुळी असतील तर दिसतात, आणि दिवसांचा अंदाजही बऱ्यापैकी येतो.

दोन करणं शक्य असेल तर पहिली ११ ते १४ आठवड्यांत आणि दुसरी १८ ते २२ आठवड्यांत करावी. आम्ही स्वतः याच जोडीच्या बाजूने आहोत. पहिलीचा सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे प्रसूतीची तारीख. या काळात बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात. ती ८४ मिलिमीटरपर्यंत असेल तोवर सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून अंदाज पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. पुढे बाळांच्या चणीतला फरक वाढतो आणि अंदाज सैल होत जातो. विसाव्या आठवड्याला दहा दिवस, २८ आठवड्यांनंतर तर तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. म्हणूनच एकदा लवकरच्या सोनोग्राफीवरून तारीख ठरली की नंतरच्या प्रत्येक रिपोर्टवर छापून येणाऱ्या नव्या तारखेकडे लक्ष देऊ नये. आठव्या महिन्यात 'तारीख दोन आठवडे पुढे गेली' असं कुणी म्हणालं तर बहुधा तारीख तीच असते. बाळ लहान असण्याची शक्यता तपासायला हवी, आणि तारीख पुढे ढकलल्याने नेमकी तीच झाकली जाते.

तारीख चुकली की दोन प्रकारचं नुकसान होतं. दिवस उलटले समजून विनाकारण कळा आणवल्या जातात, किंवा खरोखर दिवस उलटले तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असताना दिवस राहिले असतील किंवा संततिनियमनाच्या गोळ्या नुकत्याच थांबवल्या असतील, तर पाळीवरून काढलेली तारीख भरवशाची नसते.

दुसरा फायदा जुळ्यांच्या बाबतीत. दोन्ही बाळांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे १४ आठवड्यांच्या आत सर्वांत स्पष्ट दिसतं. वार एकच असेल तर दहा-पंधरा टक्के गर्भारपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं आणि दोघांचाही जीव धोक्यात येतो. अशा जुळ्यांची १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. स्वतंत्र वार असलेल्यांना साधारण दर चार आठवड्यांनी पुरते. पाचव्या महिन्यात हा भेद ओळखणं अवघड होतं.

प्रश्न: पाळीच्या तारखेवरून सहा आठवडे झाले. सोनोग्राफीत सॅक दिसली, पण ठोके नाहीत म्हणाले. पिशवी साफ करायची वेळ आली आहे का?

एवढ्यावरून नाही. घाई करू नका.

योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाच आठवड्यांना सॅक (गर्भाभोवतीचं द्रवाने भरलेलं आवरण) दिसते, त्यानंतर काही दिवसांत तिच्यात योक सॅकचं (गर्भाला सुरुवातीला पोसणाऱ्या भागाचं) लहान कडं, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास गर्भ व त्याचे ठोके. बीज पाच-सहा दिवस उशिरा सुटलं असेल तर हे सगळं तितकंच पुढे सरकतं. पोटावरून केलेल्या तपासणीत हे आणखी उशिरा दिसतं.

गर्भ वाढणार नाही असं एकाच तपासणीवरून नक्की म्हणायला कडक निकष आहेत: गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नसणं, किंवा सॅकचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असूनही आत गर्भ नसणं. दोन्ही मापं योनीमार्गे घेतलेली हवीत. रिपोर्टवर तुमचे आकडे बघा. ते याहून कमी असतील तर ७ ते १४ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची, त्याआधी औषध घ्यायचं नाही की पिशवी साफ करायची नाही. या दिवसांत गर्भ रोज सुमारे १ मिलिमीटर वाढतो, म्हणून दीड आठवड्यात फरक डोळ्यांना दिसतो. निकष पूर्ण झाले असतील तरी दुसऱ्या तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे.

पण गर्भाशयात काहीच दिसत नसेल आणि लघवीची चाचणी पॉझिटिव्ह असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, अंगावरून रक्त जाणं, भोवळ येणं, खांद्याच्या टोकाला दुखणं यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा. आधी नळीत गर्भ राहिला असेल, नळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील, तर लवकर सोनोग्राफी करायला हेच कारण पुरेसं आहे. त्रास नसेल आणि असं कोणतंही कारण नसेल, तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून हाती फक्त काळजी येते.

प्रश्न: आम्ही नवरा-बायकोने ठरवलं आहे की काहीही निघालं तरी गर्भ पाडायचा नाही. मग एन. टी. स्कॅन आणि त्याबरोबरची रक्ततपासणी करण्यात अर्थ आहे का?

तुमचा विचार समजण्यासारखा आहे. फक्त या तपासणीतले दोन भाग वेगळे करून बघा.

पहिला भाग जोखमीच्या गणिताचा. बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी (हीच एन. टी.), आईचं वय आणि रक्तातले दोन घटक एकत्र करून डाउन सिंड्रोमची (जास्तीच्या गुणसूत्रामुळे येणाऱ्या जन्मजात स्थितीची) शक्यता काढतात. या चाचणीत डाउन असलेली ८५ ते ९० टक्के बाळं हेरली जातात, आणि निरोगी बाळ असलेल्या शंभरांतल्या सुमारे पाच जणींनाही 'जोखीम जास्त' असा निकाल येतो. आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची चाचणी दहाव्या आठवड्यापासून करता येते. डाउनसाठी ती ९९ टक्क्यांच्या वर पकडते, पण तीही चाळणीच आहे. नक्की सांगते ती वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढून केलेली चाचणी, आणि तिच्यामुळे गर्भपाताची वाढीव जोखीम अर्ध्या टक्क्याहून कमी असते. या वाटेवर पाऊल ठेवायचं नसेल तर जोखमीचं गणित नाकारा. आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा आणि तशी नोंद करून घ्या. काही जोडप्यांना मात्र गर्भ ठेवायचा असूनही आधी कळलेलं बरं वाटतं. मनाची तयारी होते, बाळाच्या हृदयाची तपासणी वेळेत होते आणि प्रसूतीची जागा विचारपूर्वक निवडता येते.

दुसरा भाग म्हणजे सोनोग्राफी. ती तारीख सांगते, जुळ्यांची वार दाखवते, आणि डोक्याची कवटीच न बनण्यासारखे मोठे दोष याच वेळी दिसतात. मानेमागची जाडी ३.५ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर गुणसूत्रं ठीक असली तरी हृदयाचा दोष शोधावा लागतो. रक्ततपासणी न करता नुसती सोनोग्राफी करता येते. दोन्ही एकत्रच घ्यायला हव्यात असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

प्रश्न: पाचव्या महिन्यातली अॅनोमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतले दोष शोधणारी सोनोग्राफी) 'नॉर्मल' आली. आता बाळ पूर्ण निरोगी आहे असं धरून चालू का?

बहुतेक वेळा बाळ निरोगीच असतं, पण ही तपासणी तशी हमी देत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या तपासणी कार्यक्रमात अपेक्षित धरलेले आकडे पाहा. कवटी न बनणं ९८ टक्के वेळा सापडतं, उघडा मणका ९० टक्के, दोन्ही मूत्रपिंडं नसणं ८४, फाटलेला ओठ ७५, छाती-पोटामधल्या पडद्याला भोक ६०, आणि हृदयाचे गंभीर दोष सुमारे ५०. म्हणजे हृदयाच्या गंभीर दोषांतले निम्मे चांगल्या व्यवस्थेतही निसटू शकतात.

कारणं साधी आहेत. हृदय लहान असतं, मिनिटाला १४० च्या आसपास ठोके देत असतं, आणि चार कप्पे दिसले तरी मोठ्या रक्तवाहिन्या बाहेर पडतात ती जागा वेगळ्या कोनातून बघावी लागते. बाळ पाठ वर करून असलं तर चेहरा आणि हृदय झाकलं जातं. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तर चित्र धूसर येतं. काही दोष तेव्हा तयारच झालेले नसतात. हाडं आखूड राहण्याचा एक प्रकार, लहान आतड्याच्या सुरुवातीचा अडथळा किंवा मेंदूत पाणी वाढणं सहाव्या-सातव्या महिन्यात उमटू शकतं. मतिमंदत्व, स्वमग्नता, बहुतेक बहिरेपण किंवा अंधत्व सोनोग्राफीत दिसत नाही.

चांगल्या तपासणीला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उरकली असेल तर काय काय पाहिलं ते विचारा. रिपोर्टमध्ये हृदयाचे चार कप्पे, दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्यांचा उगम, लहान मेंदू, मणका, ओठ, पोटाची भिंत, दोन्ही मूत्रपिंडं, मूत्राशय, चारही हात-पाय, वारेची जागा आणि गर्भजल यांचा वेगवेगळा उल्लेख हवा. 'हृदय नीट दिसलं नाही' असं लिहिलं असेल तर तो भाग अपुरा राहिला आहे. ती तपासणी पुन्हा करून घ्या. बाळ वळत नसेल तर वीसेक मिनिटं चालून या, मूत्राशय रिकामं करा, कुशीवर झोपा. उताणं पडून घाबरल्यासारखं किंवा चक्कर आल्यासारखं झालं तर लगेच सांगा आणि डाव्या कुशीवर वळा. गर्भाशयाचं वजन मोठ्या नीलेवर पडल्याने तसं होतं. पोट भरून पाणी पिऊन जायची गरज पहिल्या तीन महिन्यांतल्या पोटावरच्या तपासणीला असते, या वेळी सहसा नसते.

प्रश्न: सुनेच्या रिपोर्टमध्ये 'बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका' असं लिहिलं आहे. ती दोन दिवस जेवली नाही. हृदयाला छिद्र आहे का?

नाही. तिला जेवू घाला आणि हे वाचून दाखवा. हृदयाच्या आतल्या एका स्नायूत क्षाराचा कण साठला की तो पांढरा दिसतो. निरोगी बाळांतही शंभरातल्या तीन-चार जणांत तो आढळतो, हृदयाच्या कामावर त्याचा परिणाम होत नाही आणि त्यासाठी उपचारही नसतो. मेंदूतल्या द्रव तयार करणाऱ्या जाळ्यातल्या लहान गाठीही अशाच. त्या बहुधा सातव्या महिन्यापर्यंत विरतात. यांना 'सॉफ्ट मार्कर' म्हणतात. हे दोष नसून शक्यतेच्या खुणा आहेत. गुणसूत्रांची चाळणी चाचणी आधी ठीक आली असेल आणि बाकी सगळं नीट असेल, तर एकट्या ठिपक्यासाठी पुढे काही करायचं नाही. चाळणी झालीच नसेल तर रक्ताच्या डीएनए चाचणीचा विचार करता येतो.

सगळ्या खुणा मात्र एकाच तराजूत घालू नका. आतडं हाडाइतकं पांढरं दिसत असेल तर संसर्ग, रक्तस्राव किंवा आनुवंशिक आजार तपासावा लागतो. मूत्रपिंडाच्या मधला भाग ४ मिलिमीटरहून फुगलेला असेल तर ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहतात. तेव्हाही तो ७ च्या वर असेल तर जन्मानंतर बाळाची सोनोग्राफी करतात. नाळेत दोनऐवजी एकच रोहिणी असेल तर वाढीवर लक्ष ठेवायचं.

सोनोग्राफीने होणाऱ्या नुकसानात आम्ही या अर्धवट खुणांना लहरींच्या वर ठेवतो. घर महिनोन् महिने धास्तावून बसतं. म्हणून कुठलीही खूण निघाली तर तिथेच विचारायचं: ही एकटी आहे की सोबत आणखी काही आहे? हिच्यामुळे शक्यता किती होती आणि किती झाली? उत्तर आकड्यात मागा.

प्रश्न: विसाव्या आठवड्यात 'वार खाली आहे' असं सांगून पूर्ण झोपून राहायला सांगितलं. किती दिवस?

झोपून राहिल्याने वार वर जात नाही, आणि रक्तस्राव नसेल तर सक्तीच्या विश्रांतीचा फायदा दाखवला गेलेला नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हे तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर तिला खालची म्हणतात. विसाव्या आठवड्याला अशा निघालेल्या दहांपैकी साधारण नऊ जणींत प्रसूतीपर्यंत ती वर सरकलेली असते. वार स्वतः चालत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग लांबत जातो आणि अंतर वाढतं. म्हणून ३२ आठवड्यांना पुन्हा तपासतात आणि तरीही खाली असेल तर ३६ ला. ही मापं योनीमार्गे घ्यावीत. प्रोब (तपासणीची दांडी) गर्भाशयाच्या तोंडाला न लागता अलीकडेच थांबतो आणि त्याने रक्तस्राव होत नाही. पोटावरून पाहिल्यास भरलेलं मूत्राशय तोंड दाबतं आणि वार आहे त्याहून खाली भासते. आधी सिझेरियन झालं असेल आणि वार पुढच्या बाजूला, जुन्या टाक्यांवर असेल, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुजली आहे का हे अनुभवी माणसाकडून बघून घेणं फार महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: बाळाच्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून तर जात नाहीत ना? ही स्थिती विरळा आहे, पण आधी कळली तर कळा सुरू होण्यापूर्वी सिझेरियन करून जवळपास सगळी बाळं वाचतात. न कळता पाणी फुटलं तर निम्म्याहून अधिक दगावल्याचं २००४ सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं.

प्रश्न: सातव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी सांगितली आहे. कधी 'पाणी कमी', कधी 'नाळेचा वेढा', कधी 'वजन जास्त'. एवढ्या लागतात का?

कारण असेल तर लागतात. रक्तदाब, मधुमेह, आधीचं बाळ कमी वजनाचं किंवा दगावलेलं, जुळी, पोट आठवड्यांच्या मानाने लहान वाटणं, बाळाची हालचाल मंदावणं ही खरी कारणं. अशा गर्भारपणांत नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी बाळं दगावण्याचं प्रमाण कमी करते. यातलं काहीच नसताना, आधीची सोनोग्राफी नीट असताना, २४ आठवड्यांनंतर सरसकट सोनोग्राफी केल्याने आई किंवा बाळाला फायदा झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. तेव्हा 'माझ्यात नेमकी कोणती जोखीम आहे?' हे विचारा.

तिन्ही शेऱ्यांबद्दल थोडक्यात. वजनाचा अंदाज डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांच्या मापांवरून सूत्राने काढतात. त्यात १० ते १५ टक्के चूक धरायचीच. ३ किलो लिहिलेलं बाळ २.६ चं असू शकतं आणि ३.४ चंही. केवळ या आकड्यावरून 'बाळ मोठं आहे, सिझेरियन करू' हे ठरवू नये. दोन वजनांची तुलना करायची तर मध्ये किमान दोन, शक्यतो तीन आठवडे हवेत. आठवड्याभरात वाढ दिसली नाही याला काही अर्थ नसतो, तेवढा फरक मोजण्याच्या चुकीतच बुडून जातो. गर्भजलासाठी गर्भाशयाच्या चारही भागांतल्या पाण्याच्या खोलीची बेरीज ५ सेंटीमीटरहून कमी असली की पाणी कमी म्हणतात, पण त्या पद्धतीने विनाकारण कळा आणवण्याचं प्रमाण वाढतं. सर्वांत खोल एका कप्प्याचं माप २ सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर सहसा पुरे. आणि नाळेचा वेढा चार-पाच जन्मांमागे एकात असतो, पडतो आणि सुटतोही. त्यासाठी आधीपासून काही करायचं नसतं.

शेवटच्या महिन्यात एक प्रश्न मात्र उपयोगी: डोकं खाली आहे का? हाताने तपासून शंका आली तर ३६ आठवड्यांना सोनोग्राफी करा. बाळ पायाळू असेल तर बाहेरून हाताने वळवून पाहता येतं, आणि ते सुमारे निम्म्या वेळा जमतं.

प्रश्न: सगळं वाचूनही मला एकही सोनोग्राफी नको असेल तर?

तो तुमचा अधिकार आहे आणि त्यासाठी कुणी तुम्हाला रागावू नये. पण हा निर्णय पूर्ण माहितीनिशी पाळायचा तर काही व्यवस्था आधी करावी लागेल.

शेवटच्या पाळीची तारीख आणि बाळ पहिल्यांदा हललेलं जाणवलं तो दिवस लिहून ठेवा. २४ व्या आठवड्यापासून प्रत्येक भेटीत जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या टोकापर्यंत टेपने माप घ्यायला सांगा. सेंटीमीटरमधला आकडा आठवड्यांच्या जवळपास असतो. ३ सेंटीमीटरहून अधिक तफावत असेल, किंवा माप दोन भेटींत वाढलंच नाही, तर कारण शोधावं लागेल आणि ते सोनोग्राफीशिवाय क्वचितच सापडतं. ठोके लाकडी किंवा धातूच्या नळीने विसाव्या आठवड्याच्या सुमारास ऐकता येतात. पोटावर धरून ठोके ऐकवणारं हातातलं डॉपलर यंत्र आणि कळांच्या वेळी लावतात तो ठोक्यांचा पट्टा, दोन्ही ध्वनिलहरींवरच चालतात. लहरी पूर्ण टाळायच्या असतील तर हेही सांगून ठेवायला हवं.

काय गमावणार तेही नीट बघा. अंगावरून गेलं नाही तोवर खालची वार कळणार नाही. जुळ्यांची वार एक की दोन हे कळणार नाही. जन्मताच शस्त्रक्रिया लागणारा हृदयदोष असेल तर बाळ निळं पडल्यावरच समजेल. म्हणून शस्त्रक्रिया, रक्त आणि नवजात बाळाची काळजी एकाच ठिकाणी मिळेल अशाच जागी प्रसूती ठरवा. जन्मानंतर २४ ते ४८ तासांत बाळाच्या हाता-पायाला सेन्सर लावून रक्तातला ऑक्सिजन मोजून घ्या. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर कधीही अंगावरून गेलं तर पहिलं वाक्य हेच बोला: 'माझी सोनोग्राफी झालेली नाही, वार कुठे आहे माहीत नाही, आतून बोटाने तपासू नका.' वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर त्या तपासणीने प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी एक सोनोग्राफी स्वीकारण्याचा विचार आजच करून ठेवा. सरसकट सोनोग्राफी नाकारणं आणि संकटात ती करून घेणं, यात विसंगती नाही.

प्रश्न: घरी ठोके ऐकायचं यंत्र घ्यावं का? आणि बाळाचा चेहरा बघायला थ्री-डी सोनोग्राफी?

दोन्हीला आमचं उत्तर नाही असंच आहे. वैद्यकीय कारणाशिवाय, केवळ फोटोसाठी केलेल्या सोनोग्राफीत वेळेवर आणि ऊर्जेवर लक्ष ठेवणारं कुणी असेलच असं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही ती टाळावी असं सांगितलं आहे. एरवीच्या तपासणीत बाळाचा चेहरा दिसला आणि त्याचं चित्र मिळालं तर आनंदाने घ्या.

घरच्या यंत्राचा धोका वेगळा आहे. वारेतला सळसळाट किंवा आईचीच नाडी ऐकून 'ठोके चालू आहेत' असा समज होतो. हालचाल मंदावल्यानंतरही काही काळ ठोके ऐकू येतातच, आणि नेमका तोच वेळ हातातून जातो. २८ व्या आठवड्यानंतर बाळाची नेहमीची हालचाल कमी झाली असं वाटलं तर डाव्या कुशीवर झोपून दोन तास फक्त हालचालीकडे लक्ष द्या. दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा जाणवल्या तरी मनाला खटकत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता, रात्र असली तरी, रुग्णालयात जा.